मे महिन्याचं पाणी

लडाखला आपल्याकडची माणसं जूनपासून सप्टेंबरपर्यंत जातात. मला तो प्रदेश पेरणीच्या दिवसांत बघायचा होता, म्हणून मी मे महिन्यात गेले. लेहच्या बाजारातली कितीतरी दुकानं अजून उघडायची होती. पॉप्लर आणि विलोला कोवळी पालवी फुटत होती, जर्दाळूचा बहर नुकता ओसरला होता. आणि ज्याच्याशी बोलावं तो दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला पाण्यावर यायचा. वरून नाला सुटला का? किती सुटला? खालच्या शेतांपर्यंत पोचतोय का?

लेह समुद्रसपाटीपासून साधारण 3,500 मीटरवर आहे आणि तिथे वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे 100 मिलिमीटर भरतो. महाबळेश्वरला जुलैतल्या एकाच दिवसात याहून जास्त पाऊस पडून जातो. तेव्हा पावसावर शेती करायचा प्रश्नच येत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात डोंगरांवर बर्फ टाकून जातात, उन्हाळ्यात तो वितळतो आणि नाल्याने गावात उतरतो, त्यावर सगळं चालतं. नकाशावर लेहच्या खालून सिंधू वाहताना दिसते, त्यामुळे इथे पाण्याला काय तोटा, असं आपल्याला वाटतं. पण सिंधू खाली दरीत आहे आणि बहुतेक गावं बाजूच्या घळींमधून उतरणाऱ्या लहान नाल्यांवर वसलेली आहेत. प्रत्येक गावाचा नाला वेगळा, नाल्यावरचा डोंगर वेगळा आणि त्या डोंगरावरचा साठाही वेगळा. शेजारच्या गावात पाटभर पाणी आणि आपल्या गावात खडखडाट, असं तिथे सहज होतं.

साठा दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे त्याच हिवाळ्यात खालच्या उतारांवर पडलेला बर्फ. एप्रिल-मेमध्ये ऊन तापलं की तो आधी वितळतो. दुसरा म्हणजे हिमनद्या. लडाखच्या या भागातल्या हिमनद्या बहुतेक लहान आहेत, कितीतरी एक चौरस किलोमीटरही भरत नाहीत, आणि त्या 5,200 मीटरच्या वर उंच डोंगरात आहेत. तिथपर्यंत उष्मा पोचायला जून उजाडतो. पेरणी मात्र जूनपर्यंत थांबू शकत नाही. सप्टेंबरात थंडी परत येते, तोवर सातू आणि गहू पिकून निघाले पाहिजेत. म्हणून पेरणीचं पाणी खालच्या उतारावरच्या बर्फाचं आणि पुढे पीक वाढवण्याचं पाणी हिमनदीचं, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे.

तापमान वाढतं तेव्हा या वाटणीतला पहिला भाग आधी मोडतो. हिवाळ्यात बर्फ कमी पडतो, पडला तरी उशिरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो, आणि तो टिकत नाही. उतार लवकर उघडे पडतात. हिमनदी आहे तिथेच असते, तिचं पाणी जूनमध्ये येतंही, पण एप्रिल-मेमध्ये नाला कोरडा राहतो. हवामानबदल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोसळणारे हिमकडे येतात. लडाखच्या शेतकऱ्याला तो बदल महिनाभराच्या खंडाच्या रूपाने भेटतो. ज्याने मृगाची वाट पाहिली आहे आणि वाफसा हातचा गेलेला पाहिला आहे, त्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जुलैत चौपट पाणी आलं म्हणून मेमधली पेरणी साधत नाही.

नांग नावाच्या गावात मी हे जवळून पाहिलं. नांगच्या डोक्यावर मोठी हिमनदी नाही, त्यामुळे हे गाव जवळजवळ सगळं हिवाळी बर्फावर अवलंबून. सकाळी पोचलो तेव्हा एका शेतात झोंची जोडी नांगराला जुंपली होती. झो म्हणजे याक आणि गाय यांचा संकर. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर चालू होता, कारण झो पाळणारी घरं आता कमी झाली आहेत. पण सगळ्यांचं लक्ष बांधाच्या वरच्या अंगाला होतं. तिथून युरा येते. युरा म्हणजे पाट, आणि त्या पाटावर ज्याची सत्ता चालते तो चुरपोन. कुणाला किती वेळ पाणी हे तो ठरवतो, पाट फुटला तर दुरुस्त करवून घेतो, भांडणं मिटवतो. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, तेच जवळपास. कुठे ही जबाबदारी घरांमधून आळीपाळीने फिरते, कुठे गाव माणूस निवडतं. डोगरा राजवटीतल्या जमाबंदीच्या वेळी हे सगळे रिवाज उर्दूत लिहून ठेवले गेले, त्या कागदांना ‘रिवाज-ए-आबपाशी’ म्हणतात आणि पाण्याचा तंटा झाला की आजही त्यांचा आधार घेतला जातो.

त्या दिवशीचे चुरपोन सत्तरीच्या पुढचे गृहस्थ होते. मी त्यांना ‘मेमे-ले’ म्हणू लागले. आजोबांच्या वयाच्या माणसाला तिथे असंच म्हणतात. खांद्यावर फावडं टाकून ते पाटाच्या कडेने चालत होते आणि मी मागोमाग. एका फाट्याशी थांबून त्यांनी वाकून पाटाचं तोंड उघडलं. तोंडात एक चपटा दगड आडवा ठेवलेला होता, त्याच्या फटींमध्ये मुळांसकट उपटलेल्या गवताची ढेकळं आणि एका जुन्या स्वेटरची चिंधी कोंबलेली होती. आधी चिंधी काढली, मग ढेकळं, सगळ्यात शेवटी दगड. पाणी लगेच धावलं नाही. आधी फाटा नुसता ओला झाला, मग वाळलेली पानं, काड्या, शेणाचे तुकडे ढकलत तपकिरी फेसाचं एक टोक हळूहळू पुढे सरकायला लागलं. मातीला भेगा होत्या. प्रत्येक भेगेशी ते टोक अडायचं, भेग भरायची, मग पुढे निघायचं. शेत शंभर पावलांवर होतं आणि तिथे एक बाई पदराने घाम पुसतात तसं डोक्यावरच्या रुमालाने तोंड पुसत उभी होती. तिच्या बांधापर्यंत पाणी जायला इतका वेळ लागला की तोवर मेमे-लेंनी मला पाटाची सगळी वंशावळ सांगून टाकली.

“पूर्वी या दिवसांत पाट काठोकाठ असायचा,” ते हिंदीत म्हणाले. “आम्ही मुलं त्यात पडायचो आणि मार खायचो. आता पाळी आली तरी अर्धं पाणी पाटच पिऊन टाकतो.” पाळीचे तास तेवढेच राहिले आणि पाणी घटलं, म्हणून शेवटच्या शेतांना पोचेपर्यंत काही उरत नाही. मग काय करता, असं मी विचारलं. वरची काही शेतं पेरायची आणि खालची पडीक ठेवायची. त्यांच्या स्वतःच्या दोन शेतांत त्या वर्षी पेर नव्हती.

गावाच्या वर तासभर चढून गेलं की दगडी बांधांच्या रांगा लागतात. हे चेवांग नोर्फेल यांचं काम. नोर्फेल ग्रामविकास खात्यात स्थापत्य अभियंता होते. 1935 चा जन्म. थंडीत गोठू नये म्हणून सोडून दिलेल्या नळाचं पाणी झाडांच्या सावलीत जाऊन गोठतं, उन्हात वाहतं तिथे गोठत नाही, एवढ्या साध्या निरीक्षणातून त्यांना युक्ती सुचली. हिवाळ्यात नाल्यातलं पाणी कुणाच्याच उपयोगाचं नसतं, ते वाहून सिंधूला मिळतं. ते सावलीच्या उतारावर वळवायचं, आडव्या बांधांनी त्याचा वेग मारायचा, आणि पातळ थरांत गोठू द्यायचं. 1987 मध्ये त्यांनी फुकत्से गावात पहिला असा कृत्रिम हिमसाठा केला. खरी अक्कल जागेच्या निवडीत आहे. नैसर्गिक हिमनदी 5,200 मीटरच्या वर, गाव त्याच्या कितीतरी खाली. नोर्फेल यांचे साठे या दोन्हींच्या मधे, गावाच्या जवळ. तिथे ऊन लवकर लागतं, म्हणून बर्फ एप्रिल-मेमध्येच सुटतो आणि पेरणीला हाताशी येतो. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोक त्यांना ‘आइस मॅन’ म्हणून ओळखतात.

मी गेले तेव्हा बांधांच्या मागे बर्फाची शेवटची फळी उरली होती. वरून धुळीने काळी, खालून निळसर, आणि बुडाशी बारीक बारीक धार. बोट लावलं तर धार बोटाएवढीच होती. पण अशा वीस-पंचवीस धारा एकत्र येऊन खाली ज्या पाटात गेल्या, त्याच पाटाचं तोंड मेमे-लेंनी सकाळी उघडलं होतं.

नोर्फेल यांच्या पुढचा प्रयोग सोनम वांगचुक यांचा. त्यांचे बर्फाचे स्तूप आपल्याकडे छायाचित्रांमुळे पुष्कळ माहीत आहेत. 2013 च्या हिवाळ्यात त्यांच्या सेक्मोल शाळेतल्या विद्यार्थ्यांनी पहिला छोटा नमुना उभारला, तो मेच्या मध्यापर्यंत टिकला. पुढच्या हिवाळ्यात फ्यांग गावात सुमारे 20 मीटर उंचीचा स्तूप झाला. त्याला ना पंप लागतो, ना वीज. नाल्यातून उंचावर नळी घ्यायची, ती जमिनीखालून गावाजवळ आणायची, आणि शेवटचं टोक सरळ वर उभं करायचं. उंचावरून आलेलं पाणी आपल्या दाबाने कारंज्यासारखं उडतं आणि उणे वीस अंशांच्या हवेत खाली पडेपर्यंत गोठू लागतं. आत सी-बकथॉर्नच्या काटेरी फांद्यांचा सांगाडा असतो, त्यावर थर चढत जातात. शंकूचा आकार निवडला तो दिसायला देखणा म्हणून नव्हे. तेवढ्याच बर्फाला पसरट थरापेक्षा शंकूत ऊन कमी लागतं, म्हणून तो जास्त दिवस टिकतो आणि सावलीची जागा शोधावी लागत नाही.

हे ऐकायला सोपं. गावातल्या पोरांना विचारलं की दुसरी बाजू कळते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री नळी गोठते. पाणी थांबलं की काही तासांत सगळी नळी बर्फाने भरून फुटते, म्हणून मध्यरात्री उठून कुणाला तरी वर जावं लागतं, सांधे उघडावे लागतात, गरम पाणी ओतावं लागतं. गावातली तरुण मुलं जम्मू, चंदीगड, दिल्लीला शिकायला गेलेली. मग ही पाळी करायची कुणी? शिवाय वरच्या गावाने हिवाळ्यात पाणी अडवलं तर खालच्या गावाच्या वाट्याचं काय, हाही प्रश्न उभा राहतोच. मला या प्रयोगांबद्दल मनापासून आदर आहे, पण एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. स्तूप आणि बांध नवं पाणी तयार करत नाहीत. डिसेंबरचं पाणी ते मेमध्ये नेऊन देतात. डिसेंबरात नाल्यात पाणीच उरलं नाही तर त्यांना गोठवायला काही मिळणार नाही.

लेह शहरात परतल्यावर पाण्याचा तिसराच चेहरा दिसला. 1974 मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुला झाला, तेव्हा त्या वर्षी 527 जण आले होते. 2022 मध्ये हा आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. 2011 च्या जनगणनेत लेह शहराची लोकसंख्या 30,870 होती. लाखो माणसं चार महिन्यांत येतात आणि बहुतेक सगळी लेहमध्ये मुक्काम करतात. लडाखी घरातला पारंपरिक संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर मातीची खोली, मधे चौकोनी भोक, कोपऱ्यात माती-राखेचा ढीग आणि फावडं. पाण्याचा थेंब लागत नाही, हिवाळ्यात गोठायला काही नसतं आणि वर्षाअखेर शेताला सोनखत मिळतं. हॉटेलांमध्ये आता पाश्चात्त्य कमोड, फ्लश, चोवीस तास गरम पाण्याचा शॉवर. त्यासाठी हॉटेलवाल्यांनी बोअर मारल्या. ज्या जमिनीतून पाणी उपसलं जातं, त्याच जमिनीत शोषखड्ड्यांचं सांडपाणी मुरतं. लेहच्या जुन्या वस्तीतल्या झऱ्यांचं पाणी जी माणसं पीत आली, ती आज ते तोंडात घालत नाहीत.

स्तोक गावाने वेगळा मार्ग धरला. गावाच्या मागच्या स्तोक कांग्री या 6,153 मीटरच्या शिखरावर दर उन्हाळ्यात गिर्यारोहकांची रांग लागायची. पाण्याचा उगम आणि चढाईचा तळ एकाच घळीत, त्यामुळे कचरा आणि मैला थेट गावाच्या नाल्यात उतरायचा. 2020 पासून शिखर चढाईसाठी बंद करायचा निर्णय झाला. गिर्यारोहकांच्या तंबूंवर आणि खेचरांवर अनेक घरांचा संसार चालत होता. तरीही गावाने प्यायच्या पाण्याच्या बाजूने कौल दिला. माझ्या मते सबंध लडाखातला हा सगळ्यात धाडसी जलनिर्णय आहे.

महिन्याच्या शेवटी झंस्करला गेले. निम्मूशी झंस्कर नदी सिंधूला मिळते, तिथून नदीच्या काठाने घळीत शिरणारा नवा रस्ता 2024 मध्ये पदुम मार्गे दारच्यापर्यंत जोडला गेला. याच घळीत जानेवारी-फेब्रुवारीत नदी गोठून ‘चादर’ होते आणि शतकानुशतकं झंस्करी माणसं त्या बर्फावरून लेहला चालत आली. आमचा ड्रायव्हर झंस्करचाच. लहानपणी तो वडिलांबरोबर चादरीवरून लोणी घेऊन लेहला आला होता. “दीदी, तेव्हा याक चालवला तरी बर्फ वाजत नव्हता,” तो म्हणाला. “आता मधेच उघडं पाणी लागतं. रस्ता झाला ते बरं झालं.” रस्त्याबद्दल त्याच्या बोलण्यात कुठेही खंत नव्हती. हिवाळ्यात आजारी माणसाला दवाखान्यात नेणं काय असतं ते त्याने पाहिलं होतं.

पदुमजवळचं कुमिक हे गाव बघण्यासाठी मी एवढ्या लांब आले होते. झंस्करमधल्या सगळ्यात जुन्या गावांत लोक त्याची गणना करतात. मातीच्या विटांची घरं, छपरांवर रचलेलं गवत आणि सरपण, वर उघडा करडा डोंगर. त्या डोंगरावरचा बर्फ हा या गावाचा एकमेव साठा. हिमनदी नाही. बर्फ लवकर संपायला लागला तसा नाला उन्हाळ्याच्या मध्यावरच आटू लागला, आणि या शतकाच्या सुरुवातीला गावाने बैठक घेऊन ठरवलं की गाव हलवायचं. खाली लुंगनाक नदीच्या बाजूच्या मार्थांग नावाच्या माळावर जमीन मिळाली. तिथे नदीचं पाणी आणायला गावकऱ्यांनी किलोमीटरच्या किलोमीटर कालवा खोदला, स्वतःच्या हातांनी. जोनाथन मिंगल या अमेरिकी पत्रकाराने 2015 मध्ये या गावावर एक सबंध पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात त्याचा भर काजळीवर आहे. डिझेल, वीटभट्ट्या, चुली आणि जाळलेलं पिकांचं काड यांची काजळी वाऱ्याने बर्फावर येऊन बसते, पांढरा बर्फ मळतो, ऊन परतवण्याऐवजी शोषतो आणि आणखी लवकर वितळतो. कुमिकच्या लोकांनी ना कारखाने काढले, ना गाड्यांचे ताफे चालवले.

वरच्या गावात एका घरी चहा झाला. लोणी-मिठाचा गुरगुर चहा आणि खंबीर नावाची जाड भाकरी. घरातल्या अबी-ले, म्हणजे आजी, मार्थांगला जायला तयार नव्हत्या. मुलगा-सून खाली राहतात, त्या इथेच. मी कारण विचारलं. त्यांनी हात खिडकीबाहेर केला. दारात एक जुना विलो होता, त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला. “खालच्या झाडांना अजून सावली नाही,” त्या म्हणाल्या. सुनेने भाषांतर करून सांगितलं आणि पुढे स्वतःचं जोडलं: खाली वारा फार सुटतो, रेती घरात येते, पण हिवाळ्यापूर्वी कणगी भरते. वरच्या घरात गेल्या कितीतरी वर्षांत ती भरलेली नाही. सासू-सुनेत यावरून भांडण नव्हतं. दोघींचंही खरं होतं आणि दोघींना ते माहीत होतं.

गच्चीवरून पाहिलं तर खाली दरीत दोन्ही नद्या दिसतात. एकीकडून लुंगनाक, दुसरीकडून स्तोद, पदुमजवळ दोघी मिळून झंस्कर होतात. पाणी भरलेलं, मातकट, वेगवान. पण ते खाली आहे आणि गाव वर. कुमिकच्या नशिबी आलेला दुष्काळ दोन भरल्या नद्यांच्या देखत आलेला आहे.

त्या स्तोद नदीचा उगम बघायला आम्ही पेन्सी-ला खिंडीकडे गेलो. साधारण 4,400 मीटरवर रस्ता वळतो आणि एकदम द्रांग-द्रुंग हिमनदी समोर येते. वीस किलोमीटरहून लांब, डोंगरांमधून वळत उतरणारी. तिच्या तोंडाशी अलीकडच्या वर्षांत एक तळं साचलं आहे. पूर्वी बर्फ जिथपर्यंत येत होता ती रेषा दोन्ही अंगांच्या खडकांवर स्पष्ट दिसते, खडकाचा रंग बदलतो. ड्रायव्हर म्हणाला, “नदीत तर पाणी वाढलंय, दीदी. जुलै-ऑगस्टमध्ये पूल राहत नाहीत. मग लोक पाणी कमी झालं का म्हणतात?”

त्याने बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. हिमनदी वेगाने वितळू लागली की नदीचं पाणी आधी वाढतं, कारण शेकडो वर्षांची पुंजी मोडून खर्च होत असते. ती पुंजी आटत गेली की पाणी कमाल पातळी गाठून उतरणीला लागतं. लहान हिमनद्यांच्या खोऱ्यांत हे आधी होतं, मोठ्यांच्या खोऱ्यांत नंतर. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या 2019 च्या अहवालानुसार आशियातल्या उंच पर्वतांतलं हिमनद्यांचं पाणी या शतकाच्या मध्याच्या आसपास कमाल पातळी गाठेल. म्हणजे कुमिकचा आटलेला नाला आणि ऑगस्टमध्ये पूल वाहून नेणारी स्तोद हे एकाच तापमानवाढीचे दोन परिणाम आहेत. हिमनदीच्या तोंडाशी साचणारी तळी हे आणखी एक संकट. मनालीच्या रस्त्यावरच्या ग्या गावाच्या वर असंच एक तळं ऑगस्ट 2014 मध्ये फुटलं आणि शेतं, पूल वाहून गेले.

काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने 2019 मध्ये हिंदुकुश-हिमालयाचा मोठा आढावा घेतला. जगाने तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर इथल्या एकतृतीयांश हिमनद्या जातील, आणि उत्सर्जन आहे तसंच चालू राहिलं तर दोनतृतीयांश, असा त्यांचा निष्कर्ष. 2025 च्या त्यांच्या अहवालात त्या हिवाळ्यात जमिनीवर टिकलेला बर्फ नेहमीपेक्षा 23.6 टक्क्यांनी कमी, तोवरच्या 23 वर्षांतला नीचांक, अशी नोंद आहे. सिंधूच्या पाण्यात हंगामी बर्फाचा वाटा सुमारे 40 टक्के. लडाखातून वाहणारी ही नदी पुढे पाकिस्तानच्या गव्हाला, कपाशीला आणि कोट्यवधी माणसांना पोसते. लडाखच्या एका गावात चुरपोन दगड सरकवून जी वाटणी करतो, तिचा प्रश्न उद्या खाली दोन देशांपुढे यायचा आहे, आणि तिथे सगळे ज्याचं ऐकतील असा चुरपोन कुणी नाही.

कारगिलमार्गे परतताना वाटेतल्या गावांमध्ये पेरण्या चालू होत्या. कुठे पाट भरून वाहत होता, कुठे अर्ध्या वावरापुरतीच ओल दिसत होती.

महाराष्ट्रातून दर वर्षी हजारो माणसं लडाखला जातात. तुम्हीही जाणार असाल तर थोडं ऐका. खोली ठरवतानाच विचारा की घरात लडाखी पद्धतीचा कोरडा संडास आहे का, आणि असेल तर तोच वापरा. अंघोळ बादलीने करा, रोज नवा टॉवेल मागू नका, पाण्याची बाटली घरून न्या आणि भरून घेत चला. लेहच्या हॉटेलात सगळे मुक्काम करण्यापेक्षा दोन रात्री एखाद्या गावात घरगुती मुक्काम करा, म्हणजे पैसे शेती टिकवणाऱ्या घरात जातील. आपल्या गावातली, सोसायटीतली होळीची आणि पाचोळ्याची, उसाच्या पाचटाची आग आटोक्यात आणता आली तर तीही आणा, काजळीचा आणि तापमानवाढीचा हिशेब इथूनच सुरू होतो. आणि शेताच्या कडेने फिरताना पाटाच्या तोंडाशी दगड, गवत, चिंध्या कोंबलेल्या दिसल्या, तर फोटोसाठीसुद्धा त्यांना हात लावू नका. त्या वेळी तिथे कुणाची तरी पाळी चालू असते.